गॅलरीखालच्या खोल्या

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पोचलो एकदाचे. स्टँडवरून आमच्या ट्रंका कोणी आणल्या असतील, तर खुद्द बसच्या ड्रायव्हरने. गाडीत माणसं ताटकळत बसली होती आणि हा पठ्ठ्या एक ट्रंक खांद्यावर, एक हातात घेऊन स्टेडियमच्या फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालत आला. गाडीतल्या कोणी हूं की चूं केलं नाही, उलट खिडक्यांतून हात हलवले. बाबा म्हणाले, पोरी, आपण चुकून वरच्या स्टॉपला तर नाही ना उतरलो?

नोकरी स्टेडियमच्या व्यवस्थापकाची. इतकी वर्षं पोहण्याचा तलाव सांभाळला, आता जरा कोरड्यात. फाटकावर ऐसपैस पाटी आहे: बहुउद्देशीय क्रीडासंकुल. मुख्य खेळ फुटबॉल, भोवती धावायचा ट्रॅक, पण लग्नं, प्रदर्शनं, परीक्षा, भाषणं, मतमोजणी, सगळं इथेच. बाबांनी पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, म्हणजे लोक घरी नुसते झोपायला जातात की काय?

राहायची जागा पूर्वेच्या गॅलरीखाली आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गॅलरीच्या पायऱ्या हेच आमचं छत, त्यामुळे ते एका बाजूला उतरत जातं आणि शेवटच्या कोपऱ्यात मांजरच काय ते ताठ उभं राहील. बाबांनी आल्या आल्या कपाळ आपटून घेतलं आणि छताला नमस्कार करून मोकळे झाले. पण भिंती नुकत्याच रंगवलेल्या, नळाला भरपूर पाणी, आणि खिडकी उघडली की समोर थेट मैदान. इतकं निगुतीने राखलेलं गवत मी कुठे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी स्टेडियम समितीचे अध्यक्ष फुलं घेऊन आले. उंच, मृदू बोलणारे गृहस्थ. जाहिरातीत कुटुंबासह राहण्याची अट होती, म्हणून त्यांनी बाबांची चौकशी केली. मी सांगितलं, आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात, आणि तरुणपणी ते फुटबॉलचे रेफरी होते. हे ऐकून अध्यक्षांचा चेहरा असा उजळला, की बघत राहावं. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. बाबा चक्क लाजले. आईनंतर मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहिलं.

आज झोप छान लागणार.


९ फेब्रुवारी, सोमवार

कामाला लागले. सकाळी पाण्याचे फवारे, मग गवत कापायचं यंत्र, मग रेषांवर फक्की मारायची, चेंजिंग रूम धुऊन घ्यायच्या, किल्ल्या सांभाळायच्या. हाताखाली एक माळी आहे. सगळं गाव त्याला मामा म्हणतं, मीही म्हणायला लागले. केस पांढरे, पण वयाने माझ्याहून फार मोठा नसावा. कामाला वाघ. बोलणं जेवढ्यास तेवढं, तोंडावर कायम हसू.

खरं म्हणजे सगळ्या गावाच्याच तोंडावर हसू असतं. बाजारात दोन सायकली एकमेकींवर आदळल्या. एकाचा गुडघा फुटला, दुसऱ्याची अंडी. दोघेही एकमेकांची माफी मागत बसले, आणि कोणाची चूक मोठी यावर जवळजवळ वाद झाला, तोही अत्यंत सभ्य. पोलीस चौकीत टेबल टेनिसचं टेबल मांडलंय. हवालदाराने बाबांना खेळायला बोलावलं.

गेटजवळ एक कॅन्टीन आहे. ते चालवणारी मावशी बाबांचा चहा रोज स्वतः आणून देते. त्यांना रेफरीसाहेब म्हणते. बाबांनी जुनी शिट्टी ट्रंकेतून काढून घासून ठेवलीय.


१५ फेब्रुवारी, रविवार

आज इथला पहिला सामना पाहिला. काय लिहू?

दुपारी सगळं गाव लोटलं. गॅलरी पूर्वेलाच आहे, पश्चिमेला नुसती भिंत. गॅलरी काठोकाठ भरली. मी खाली, ट्रॅकजवळ बाबांबरोबर उभी होते. रेफरी बाहेरगावचा, पोरसवदा. त्याने सुरुवातीची शिट्टी वाजवली आणि आमच्या मागे गावाचं तोंड उघडलं.

शिव्या मी ऐकल्या आहेत. तलावावर दारू पिऊन आलेल्यांना बाहेर काढलंय मी. पण हे वेगळं होतं. बँकेतला तो कारकून, जो मला खातं उघडून देताना तीनदा बसा म्हणाला होता, तो जाळीला लटकून त्या पोराला तुझी आई कशी मरेल ते सांगत होता. सविस्तर, सावकाश. शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच्या बोटांबद्दल काहीतरी ओरडत होत्या. कॅन्टीनच्या मावशीचा आवाज तर मी ओळखलाच नाही, वळून पाहिलं तेव्हा कळलं. पोराने एकही चूक केली नव्हती. बाबांनीच सांगितलं, आणि बाबा याबाबतीत कोणाची भीड ठेवत नाहीत.

बाबा म्हणाले, प्रेक्षक म्हटले की असे असायचेच, माझ्यावर चपला पडल्यात. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाले, पण एक बघ, गावाच्या संघाने गोल केला तेव्हा कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. खरंच नव्हती वाजवली. चेंडूकडे कोणी बघतच नव्हतं.

सामना संपला आणि सगळे आंघोळ करून आल्यासारखे टवटवीत चेहऱ्याने उठले. एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणत खाली उतरले. जाताना आपापला कचरा उचलून घेऊन गेले.

रेफरी चेंजिंग रूममध्ये डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मी पाणी दिलं. त्याने विचारलं, गॅलरीसमोरून न जाता बाहेर पडायला वाट आहे का. मी मागचं दार उघडून दिलं. तो बूट तिथेच टाकून गेला.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

छतातून आवाज येतो. फ्रिज चालू असावा तशी बारीक घरघर. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, या काँक्रीटमधून वायर गेलेलीच नाही. हात लावून पाहिलं तर छत कोमट. उन्हाने म्हणावं, तर आमच्या खोल्यांवर सकाळपासून सावली होती.

बाबांना विचारलं, त्यांना घरघर ऐकू येत नाही. चहा मात्र फुर्र फुर्र करून पितात, तो मला शेजारच्या खोलीतून ऐकू येतो. पूर्वी एवढा आवाज करत होते का?


२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

दुपारी डबा घेऊन गॅलरीत जाऊन बसले. वरून मैदान कसं दिसतं ते बघायचं होतं. खाली बाबा ट्रॅकवर फेऱ्या मारत होते. पहिल्यांदा छान वाटलं. मग लक्षात आलं की ते डावा पाय घासत चालतात. मग तो पाय घासण्याचा आवाज यायला लागला, एवढ्या लांबून यायला नको होता तरी. मग वाटलं, उचल की पाय. मग वाटलं, आईलाही यांनी असंच आयुष्यभर घासत नेलं. मग एकामागून एक अशा गोष्टी आठवत गेल्या, ज्या घडल्याच नव्हत्या. आणि शेवटी मनात स्वच्छ एक वाक्य आलं, की आई गेली आणि हा राहिला.

डबा सांडला माझ्या हातातून. खाली धावत आले. गवतावर पाय पडला तसं ते सगळं ओसरलं. बाबा समोरून आले आणि म्हणाले, दमलेली दिसतेस, डोळे लाल झालेत. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांना काही कळलं नाही, पण थोपटत राहिले.

दमणूक असेल. नवी जागा, नवं काम.


२२ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर लग्न झालं. पाहुणे उन्हात खुर्च्या टाकून बसले, बायका पदराने वारा घेत होत्या. मागे सावलीत अख्खी गॅलरी रिकामी. मी मावशीला म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना तरी वर बसवा. ती हसून म्हणाली, शुभकार्याला तिथे बसत नाहीत, ताई. परीक्षेलाही मुलं मैदानातच बसतात म्हणे.

पण एरवी दुपारी लोक तिथे एकेकटे येऊन बसतात, हे माझ्या आता लक्षात आलंय. काल मुख्याध्यापिका आल्या होत्या. मधल्या पायरीवर बसून ओठ हलवत होत्या. जरा वेळाने उठल्या, पदर सारखा केला, आणि जाताना मला विचारून गेल्या की घरात काही कमी-जास्त तर नाही ना.


२५ फेब्रुवारी, बुधवार

अध्यक्षांनाच गाठलं. वाटलं होतं उडवाउडवी करतील. छे, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

म्हणाले, स्टेडियम व्हायच्या आधी हे गाव म्हणजे नरक होता. भाऊ भावाच्या जिवावर उठायचा. एकदा बाजार पेटवला, त्यात माणसं गेली. मग मैदान झालं, सामने सुरू झाले, आणि हळूहळू लोकांना कळलं की तिथे बसून ओरडलं की पोटातलं सगळं निघून जातं. घरी जाताना माणूस हलका होऊन जातो. माणसाला कुठेतरी ओकायला जागा लागते, मॅडम. आमची ती आहे. एवढं शांत गाव तुम्ही पाहिलंय का कुठे?

मी विचारलं, आणि ते जातं कुठे?

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाले, बरोबर विचारलंत. जात नाही, तिथेच मुरतं. म्हणून वर्षातून एकदा रिकामं करावं लागतं. वर्धापनदिनाचा सामना असतो ना, तेव्हा. त्याला चांगला रेफरी लागतो.

मी घाईने घरी आले. बाबा आरशासमोर उभे होते. शिंपी त्यांच्या खांद्याचं माप घेत होता. काळा सदरा, काळी चड्डी. बाबा म्हणाले, सकाळीच विचारायला आले होते, मी हो म्हणून टाकलं. पंधरा मार्चला आहे. त्यांचे डोळे चमकत होते.

मला त्यांना थांबवता आलं नाही. आईनंतर हा माणूस खिडकीत बसून दिवस ढकलत होता.


२८ फेब्रुवारी, शनिवार

गेल्या वर्षी रेफरी कोण होता, हे मी भेटेल त्याला विचारतेय. सगळे म्हणतात, होते एक, फार भले गृहस्थ. एवढंच.

आज फक्की मारताना मामाला विचारलं. तो दोरी ताणत होता. दोरी न सोडता म्हणाला, माझा दादा होता.

मग सांगितलं. मामा इथला नाहीच. तो इथे व्यवस्थापक म्हणूनच आला होता, माझ्याच जागी, याच खोल्यांत, थोरल्या भावाला घेऊन. दादाने लहानपणापासून त्याला वाढवलेलं. दादाला मैदानात उभं केलं. गाव ओरडलं, पण गावाच्या ओरडण्याने काही झालं नाही. परक्यांचा राग वरवरचा असतो, मामा म्हणाला. मग मी ओरडलो. दादा मधल्या वर्तुळात आधी खाली बसला, मग आडवा झाला. कोणी बोटही लावलं नाही हो त्याला. नुसते ओरडलो आम्ही. नंतर लोकांनी त्याला इतक्या मानाने नेलं, अख्खं गाव मागे चाललं, कोणी चकार शब्द काढला नाही.

मी विचारलं, तुझा दादावर राग होता का?

म्हणाला, कसला राग, देवमाणूस होता. म्हणून तर गॅलरी साफ रिकामी झाली. वर्षभर थंडगार होती.

आणि हसला. मी विचारलं, मग तू अजून इथे का आहेस? तो म्हणाला, कुठे जाऊ, ताई? मला आता काहीच वाटत नाही. बरं असतं ते.

तेवढं बोलून तो पुढच्या रेषेकडे वळला.


१ मार्च, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण मानलंही नाही. म्हणाले, भाऊ गेल्याच्या दुःखात माणूस काहीबाही बोलतो. दादाला फोन केला, माझ्या सख्ख्या भावाला. तो खो खो हसला. म्हणाला, फुटबॉलच्या नादाने वेडं झालेलं गाव आहे, चार शिव्या घालतील, बाबांना सवय आहे, त्यांना जरा मजा करू दे.

जेवताना मी बाबांवर खेकसले. पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला होता त्यांनी, एवढंच. असं बोलले की ते ताट सारून उठले. नंतर आठवलं, मी वर गॅलरीत नव्हते. खाली होते. माझ्या घरात, माझ्या छताखाली.


४ मार्च, बुधवार

आज निघायचं ठरवलं. बाबांना म्हटलं, डॉक्टरकडे तपासायला जाऊन येऊ. ते माझ्या तोंडाकडे बघून तयार झाले, ट्रंक कशाला हेही विचारलं नाही.

स्टँडवर तोच ड्रायव्हर होता. फार वाईट वाटलं त्याला, पण आज सगळ्या जागा भरल्यात म्हणाला. मागे गाडी रिकामी दिसत होती. मी चढायला गेले तर बँकेचा कारकून दारात उभा. तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणत त्याने माझ्या हातातून पिशवी घेतली. दुसऱ्या कोणी ट्रंक घेतली. मुख्याध्यापिकांनी बाबांना हाताला धरलं. हवालदारही आला, त्याने रस्त्यावरची सायकल बाजूला केली आम्हाला जायला. मी ओरडले, पिशवी सोडा म्हणाले, सगळे मायेने बघत राहिले. कोणी ढकललं नाही. पण ज्या बाजूला वळावं त्या बाजूला कोणीतरी हसत उभं. असे चालत चालत आम्ही स्टेडियमच्या फाटकात येऊन पोचलो. सामान त्यांनीच आत ठेवलं, घडी मोडलेला टॉवेल पुन्हा नीट घडी करून ठेवला.

बाबांना आता पटलंय.  माझा हात धरून बसून होते.

फोन लागत नाही.


७ मार्च, शनिवार

फाटकाला बाहेरून कुलूप, चेंजिंग रूमच्या मागच्या दारालाही. किल्ल्या माझ्याकडे होत्या त्या सगळ्या, पण ही कुलपं नवीन आहेत. मावशी जाळीतून डबा देते. रेफरीसाहेबांनी खाल्लं का, विचारते.

बाबांना रोज दुपारी सरावाला नेतात. ते मधल्या वर्तुळात उभे राहतात आणि लोक गॅलरीत येऊन गप्प बसतात. ओरडत नाहीत. बाबा म्हणाले, कोणीतरी डोक्यावर धान्याची पोती रचत जावं तसं वाटतं. आज त्यांच्या नाकातून रक्त आलं. मी पुसलं. पुसताना जरा जास्तच जोरात पुसलं.


१० मार्च, मंगळवार

बाबांनी सगळं नीट विचार करून सांगितलं. ते म्हणाले, मामा सांगतो ते खरं धर. मग गावाने कितीही घसा फोडला तरी मला काही होत नाही. तू ओरडलीस तरच. तर तू येऊच नकोस. दार लावून आत बस, उशी घे कानावर. नव्वद मिनिटं म्हणजे काय, मी उभ्या जन्मात असे कितीतरी सामने काढलेत. मी शेवटची शिट्टी वाजवून येतो. त्यांचं रिकामं झालं नाही, की त्यांचं ते बघतील.

किती साधं. मी हो म्हटलं, शपथ घेतली.

मग ते खोकले. खोकतच राहिले. आणि मी पाणी द्यायला उठले नाही. बसून राहिले. बघत.


१२ मार्च

घरघर आता भिंतीतूनही. पलंग हलतो. छताला हात लावला तर चटका बसतो.

मी बाहेर गवतावर झोपायला गेले. गवतावर असलं की मन ताळ्यावर येतं. सकाळी उठले तर आत, पलंगावर. मामाने आणून ठेवलं असेल. पांघरूण नीट घातलेलं होतं.

बाबा म्हणाले, तू झोपेत बोलत होतीस. काय बोलत होते, ते सांगेनात. खोलीच्या पार टोकाला, उतरत्या छताखाली वाकून बसले होते. माझ्यापासून लांब.


१४ मार्च

बाबांनी आज माझ्या केसांना तेल लावलं. लहानपणी आई लावायची, त्यांनी कधीच लावलं नव्हतं. नीट जमत नव्हतं. मी डोळे मिटून बसले आणि मनात म्हणत होते — हे माझे बाबा, हे माझे बाबा —

म्हणावं लागतंय. हीच भीती वाटते.


१५ मार्च, रविवार. दुपार

बाबांना घेऊन गेले. काळ्या कपड्यांत किती बारीक दिसत होते. दारात थांबून म्हणाले, आतून कडी लाव. लावली. पलंग सरकवून दाराला लावला. त्यावर ट्रंका.

डोक्यावर पावलं. हजारो पावलं. छतातून धूळ पडतेय पानावर.

शिट्टी झाली.


सुरू झालंय. शब्द कळत नाहीत, नुसता गडगडाट. उशी धरली कानांवर, उपयोग नाही, आवाज कानांतून येतच नाहीये. दातांतून येतोय. पलंगाच्या लोखंडातून —

लिहीत राहायचं. लिहीत राहिलं की मी इथे आहे. बाबा बाहेर आहेत. ते माझे बाबा आहेत. जिल्ह्यातले सर्वांत निःपक्षपाती रेफरी, पेपरात आलं होतं. आईला ते —

आईला त्यांनी काय दिलं? काय दिलं ते आठवत नाही.


खिडकीतून बघितलं. एकदाच. उभे आहेत. ताठ उभे आहेत, बाबा, शाब्बास — हाफटाइम होईल आता. अर्धं झालं. अर्धं —

पाय घासत चालतात पण. उचलत नाहीत. सगळं गाव बघतंय तरी नाही उचलत. मुद्दाम करतात —

नाही. नाही. मी हे लिहिलं नाही.


हाफटाइम. वर एकदम शांत. कोणीतरी दारावर टकटक करतंय, अगदी हळू. मावशीचा आवाज. ताई, आत किती उकडत असेल, वर वारा आहे, या ना.

पलंग जड आहे. मी सरकवणार नाहीये. नुसता हात ठेवलाय त्याच्यावर.

वारा असेल वर.

फक्त बघायला. जिन्यापाशी उभी राहीन. तोंडावर हात दाबून धरीन —


वर बसलेय. कारकुनाने सरकून जागा करून दिली. किती चांगली माणसं आहेत ही. वही मांडीवर आहे, अक्षर हलतंय, चालायचंच.

इथून सगळं स्पष्ट दिसतं. मला खाली उगाच भीती वाटत होती.

त्या म्हाताऱ्याने आताच चुकीची शिट्टी दिली. मी पाहिलं. डोळ्यांदेखत. कोणी आणलं असल्या माणसाला इथे? धड उभं राहता येत नाही. नाक पुसतोय सदऱ्याला. मान वर करून एकेक पायरी शोधतोय, चेंडू कुठे चाललाय याचं भान नाही —

सापडलं वाटतं जे हवं होतं ते. माझ्याकडे बघतोय. एवढ्या माणसांत नेमका माझ्याकडे. मान हलवतोय, नको नको असं काहीतरी. मला सांगणारा हा कोण? कोण लागतो हा माझा?

सगळे गप्प झालेत. खेळाडूही थांबलेत. माना माझ्याकडे वळल्यात आणि सगळे हसताहेत, धीर देताहेत मला. मावशीने पाठीवर हात ठेवला.

त्याने हात जोडलेत. बघा, हात जोडतोय आता —

मी उठते. माझ्या घशात इतकं साठलंय, इतकं, आणि ते आता —